एक अक्षर अलीकडे

शनिवारी दुपारी फडकं टाकून ठेवलेलं कचेरीतलं कम्प्युटरचं यंत्र प्रेमिला वासनिकनं सोमवारी सकाळी सुरू केलं आणि समोर जे उजळलं ते तिच्या ओळखीचं नव्हतं. पडद्याच्या तळाशी एक निळी पट्टी असायची. दुसरं बटन जतन, पाचवं शोध, सातवं छपाई. तीन वर्षं झाली, ती पट्टी तिला वाचावी लागली नव्हती. आता पट्टी वर गेली होती, करडी झाली होती, आणि तिच्यातले शब्द कुणीतरी घरात शिरून भांड्यांच्या जागा बदलून जावं तसे इकडचे तिकडे झाले होते. शनिवारचं अर्धवट पत्र तिनं शोधून काढलं, दोन ओळी पुऱ्या केल्या आणि सवयीनं दुसरं बटन दाबलं. पत्र गेलं. दुसरं बटन आता ‘पुसा’ होतं. ती कोऱ्या पडद्याकडं बघत राहिली. आधी राग आला, मग भीती वाटली, आणि एकोणपन्नासाव्या वर्षी एका पत्रासाठी डोळ्यांत पाणी यावं याची लाज वाटली. वरच्या पंख्याचा आवाज नेहमीसारखाच येत होता. बाजूच्या टेबलावर सिंधूताई शिक्के मारत होत्या. सगळं जागच्या जागी होतं, फक्त तिचा हात कुठं ठेवायचा तेवढं बदललं होतं.

अकरा वाजता पुण्याहून आलेला इंजिनियर खुर्ची ओढून तिच्याजवळ बसला. सभ्य माणूस. अंगाला पावडरचा वास, खिशाला दोन पेनं. पट्टीचं काय, चार दिवसांत अंगवळणी पडेल, तो म्हणाला. खरी गोष्ट अक्षरांची आहे. आजवर या यंत्रावर टाइपरायटरचीच पाटी होती. आता देशभर एकच पाटी, आणि ती शास्त्रशुद्ध; कळांच्या जागा त्याच, दाबायचा क्रम तेवढा नवा. “आता बघा, आपण बोलताना आधी काय उच्चारतो? व्यंजन. मग स्वर. म्हणून आधी अक्षर, मग वेलांटी. जसं बोलतो तसंच टाइप करायचं. तुम्ही लवकर शिकाल, बाई.”

“लिहितो तसं नाही?” प्रेमिलानं विचारलं.

“म्हणजे?”

“लिहिताना पहिली वेलांटी आधी काढतो ना आपण. मग अक्षर.”

तो हसला. जुनं परत घालता येईल का, असं तिनं खालच्या आवाजात विचारलं, तेव्हा त्यानं मान हलवली. जुनं आता कुठंच मिळणार नाही म्हणाला. मग त्यानं हौसेनं तिला तिचंच नाव टाइप करायला सांगितलं. तिची बोटं सत्तावीस वर्षांच्या चालीनं चालली: प्रे, मग वेलांटी, मग म. यंत्र टुंग करून ओरडलं. प्रे-ला आधीच मात्रा होती, तिच्यावर वेलांटी बसेना, म्हणून यंत्रानं ती घेतलीच नाही. पडद्यावर उमटलं ‘प्रेमला’. “बघा,” इंजिनियर कौतुकानं म्हणाला, “चूक झाली की लगेच सांगतं. काळजीच नाही.” ते वाक्य तिनं खरं मानलं. पुढं जे झालं त्याचं मूळ तिच्या बोटांत होतं तसं या वाक्यातही होतं, पण वाक्य म्हणणारा संध्याकाळच्या गाडीनं निघून गेला होता.

बोटं अशी सहज विसरणारी नव्हती. सीताबर्डीवरच्या एका जिन्याखालच्या क्लासात वामनराव नावाचे गुरुजी यंत्रावर काळं फडकं पसरायचे आणि पोरींचे हात त्या फडक्याखाली घालायला लावायचे. बघायचं नाही. “बोटाले डोये फुटले पाहिजेत,” म्हणायचे. एकसष्ट सालची गोष्ट. क्लासात सोळा मुली, त्यांतल्या पंधरा वरच्या जातींच्या हे त्यांच्या डब्यावरून कळायचं, आणि सोळावी प्रेमिला. तिला शेवटचं यंत्र मिळालं, ज्याचा ‘क्ष’ अडकायचा. फडक्याच्या अंधारात तिनं अक्षरं चाचपडून ओळखीची केली. वेलांटी डाव्या करंगळीच्या बाजूला, हलकी, दाबली की आवाजही कमी यायचा. ती आधी पडायची आणि कागद धरलेला गाडा पुढं न सरकता थांबायचा. मग अक्षर येऊन तिच्या कुशीत बसायचं. तो एक क्षणाचा थांबा प्रेमिलाला फार आवडे. कुणीतरी यायचंय आणि त्याची जागा धरून ठेवली आहे, असं त्यात होतं. चार महिन्यांत ती डोळे मिटून मिनिटाला चाळीस शब्द मारू लागली. वामनरावांनी तिच्या यंत्रावरचं फडकं काढून टाकलं आणि म्हणाले, तुला याची गरज नाही. आयुष्यात तिच्याबद्दल कुणी इतकं चांगलं बोललं नव्हतं. लग्न झालं नाही, तेही तिला फारसं बोचलं नाही. कचेरीत नावं चुकत नाहीत ती वासनिकबाईंच्या हातची यादी, हे तिला पुरत होतं.

नावांचं हे वेड बापाकडून आलेलं. धोंडबा वासनिक गिरणीत सूतखात्यात होता आणि हजेरीच्या कार्डावर त्याचं नाव ‘धोंड्या’ असं होतं. छप्पन साली दीक्षा घेऊन, पांढऱ्या कपड्यांच्या त्या अफाट गर्दीतून घरी परतल्यावर चौथ्या दिवशी तो गिरणीच्या टाइमकीपरपुढं जाऊन उभा राहिला. नाव नीट करा म्हणाला. टाइमकीपर हसला. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा गेला, तिसऱ्या दिवशीही गेला. तिसऱ्या दिवशी टाइमकीपरनं वैतागून कार्डावरचं नाव खोडलं आणि बाजूला ‘धोंडबा’ लिहिलं. बापाला वाचता येत नव्हतं. तो कार्ड घेऊन घरी आला, सोळा वर्षांच्या पोरीपुढं धरलं आणि म्हणाला, “वाच वं. आखीन एक डाव वाच.” तिनं वाचलं. तो नुसता ऐकत बसला. मग म्हणाला, “कागदावर मानसाले अंग नसते, बाई. नावच त्याचं अंग. कोनाचं नाव लिहिशीन तं हात सांभाळून लिहिजो.” पुढं ती कचेरीत लागल्यावर तिनं बापाला हे कधी सांगितलं नाही, पण प्रत्येक यादी टाइप करताना कार्ड धरलेला तो हात तिला दिसायचा.

नवी पाटी आली तेव्हाच सालई बुद्रुकची यादी आली, हे दुर्दैव. एकोणनव्वद सालचा फेब्रुवारी. सालईच्या खालच्या अंगाला धरण बांधून झालं होतं आणि पावसाळ्यात गावात पाणी शिरणार होतं. नव्या गावठाणात कुणाला कुठला भूखंड, त्याची अकराशे नावांची अंतिम यादी या पुनर्वसन कचेरीतून जायची होती, तीही फेब्रुवारी संपायच्या आत. नऊ दिवस. हेडक्लार्क आनंदराव दर तासाला येऊन मागं उभे राहायचे. “बाई, स्पीड कमी पडून राहिला ना. पहिले तर तुम्ही मशीनले पळवत होत्या.” ती पुढची ओळ घ्यायची. घरी, सक्करदऱ्याला, संध्याकाळी तलावाच्या कठड्याशी उभी राहून ती कठड्यावर बोटं आपटायची: आधी अक्षर, मग वेलांटी, आधी अक्षर, मग वेलांटी. पाणी बघायला आलेली माणसं तिच्याकडं बघत. सकाळी कचेरीत ती पहिली शंभर नावं शहाण्यासारखी टाइप करायची. मग वेग यायचा, आणि वेग आला की हात वामनरावांच्या फडक्याखाली जायचा. शालिकराम टाइप करताना टुंग. विठोबा टाइप करताना टुंग. टुंग वाजलं की ती मागं येऊन दुरुस्त करायची. सबंध दिवस तो आवाज तिच्या कानात, दातांत बसायचा. स्वयंपाक करताना कुकरची शिट्टी झाली तरी ती हात मागं घ्यायची. पण आवाज येतोय तोवर चूक निसटत नाही, हा तिचा आधार होता. शेवटी सिंधूताई हस्तलिखित मोठ्यानं वाचत गेल्या आणि ती छापील कागदावरून बोट फिरवत गेली. ठिपक्याठिपक्यांची ती फिकट छपाई. कान जे ऐकत होता तेच डोळा बघत होता. यादी अठ्ठावीस तारखेला गेली.

मार्चच्या मध्यावर, बुधवारी, एक म्हातारी कचेरीच्या व्हरांड्यात येऊन बसली. एस.टी.नं आली होती, लुगड्याला धूळ होती, हातात प्लास्टिकच्या पिशवीत रेशनकार्ड. दोन टेबलांनी तिला तिसऱ्याकडं पाठवलं आणि तिसऱ्यानं प्रेमिलाकडं.

“बाई, माह्यं नाव नाही म्हन्ते ते लोक,” म्हातारी म्हणाली. “मनकर्णा माह्यं नाव. सालईची. तालुक्याच्या कचेरीत भूखंडाचे कागद वाटले. त्या साहेबानं यादी पाह्यली, कार्ड पाह्यलं, अन् म्हने हे तुमी नोहोत. ही दुसरी बाई हाय.”

प्रेमिलानं कार्ड घेतलं. मनकर्णा सदाशिव गजभिये. तिनं कपाटातून यादीची प्रत काढली. तीनशे बाराव्या क्रमांकावर मनकर्णा सदाशिव होतीच. “हे काय नाव तुमचं,” म्हणत तिनं त्यावर बोट ठेवलं आणि बोट तिथंच राहिलं. गजिभये. वेलांटी एक अक्षर अलीकडे, ज-वर बसली होती. ग-ज टाइप केल्यावर तिच्या करंगळीनं भ-साठी जागा धरून वेलांटी टाकली होती, आणि यंत्रानं ती मुकाट्यानं ज-ला देऊन टाकली होती. ज मोकळा होता. मात्रा असलेल्या अक्षरावर, किंवा आधी अक्षरच नसलं तर, यंत्र ओरडत होतं. मोकळ्या अक्षरावर ओरडायला त्याला कारणच नव्हतं. इंजिनियरनं हे सांगितलं नव्हतं. तिनंही विचारलं नव्हतं.

शोधाचं बटन कुठं गेलं ते तिला आठवेना. तिनं वरची पट्टी वाचली, एकेक शब्द, पोरासारखी. नववं बटन. तिनं ‘गजिभये’ शोधलं. सतरा सापडले. मग तिच्या लक्षात आलं. तिनं ‘वासिनक’ शोधलं, स्वतःचंच आडनाव, मोडलेलं. पंधरा. ‘दिहवले’. नऊ. सगळी मिळून एक्केचाळीस घरं, आणि एक्केचाळीसही सालईच्या एकाच कडेची. बोंद्रे, घाटोळे, कोहळे, रेवतकर यांच्या आडनावांत वेलांटीच नव्हती. वेलांटी होती ती आपल्या लोकांच्या नावांत. यंत्राला त्यातलं काही ठाऊक नव्हतं, तिच्या बोटांनाही नव्हतं, आणि तरी जणू कुणी ठरवून वस्ती वगळावी तसं झालं होतं. एका हरिभाऊ घाटोळेचाही हिरभाऊ झाला होता. त्याचं काय झालं, तिनं मनकर्णाला विचारलं.

“हरिभाऊ पाटलाचं? तो साहेब हासला. पेनानं नीट केलं अन् कागद देल्ला. हरिभाऊले तं सारेच वयखतेत.”

“आणि तुमचं नाही केलं?”

“म्या म्हनलं, माह्यंबी पेनानं करा. तं म्हने, अंतिम यादी हाय, हात नाही लावता येत.”

प्रेमिला उठली. ती आनंदरावांना घेऊन साहेबांच्या खोलीत गेली आणि उभ्या उभ्या म्हणाली, “चूक माझी आहे साहेब. माझ्या हातची. एक्केचाळीस नावं.” हे म्हणताना तिला वाटलं होतं की छत कोसळेल. काहीच झालं नाही. साहेबांनी चष्मा काढून डोळे चोळले. आनंदराव घाईनं म्हणाले, “बाईंची कायची चूक सर, कम्प्युटरची आहे. नवीन सिस्टिम.” साहेब म्हणाले, कुणाचीही असो. यादी मंजूर होऊन प्रसिद्ध झाली. शुद्धिपत्रक काढायचं तर मुंबईहून मंजुरी. सहा महिने धरा. आणि एकतीस मार्चपर्यंत ज्यांनी कागद उचलले नाहीत त्यांचे भूखंड परत जाणार, पुढच्या गावाला लागणार. “नियम आहे,” ते म्हणाले. त्यांच्या आवाजात दुष्टपणा नव्हता. तो असता तर प्रेमिलाला धरायला काही मिळालं असतं.

“शुद्धिपत्रक मी आज टाइप करते,” ती म्हणाली.

“करा ना. पाठवू.”

तिनं ते केलंही. एक्केचाळीस नावं, दोन बोटांनी, अक्षर मग वेलांटी, प्रत्येक नावापाशी थांबून, कार्ड धरलेला बापाचा हात डोळ्यांपुढं ठेवून. एकही चुकलं नाही. आनंदरावांनी कागद जावक ट्रेमध्ये ठेवला, आणि तो सहा महिन्यांनी पोचेल तेव्हा सालईत गळ्याइतकं पाणी असेल हे दोघांनाही माहीत होतं. मग ती व्हरांड्यात गेली. मनकर्णा भिंतीला टेकून भाकरी खात होती. तिनं अर्धी पुढं केली. प्रेमिलानं नको म्हटलं आणि बाजूला बसून, शब्द शोधत, तिला सगळं सांगितलं. चूक कशी झाली, कुणाच्या हातून झाली, आता काय होणार.

म्हातारीनं ऐकून घेतलं. “तू कोनाची वं?”

“धोंडबा वासनिकाची. नागपूरचीच.”

“मंग आपलीच हायेस.” हे तिनं माफी दिल्यासारखं म्हटलं नाही आणि दोष दिल्यासारखंही नाही. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. मनकर्णानं भाकरीचा तुकडा पाण्यात भिजवला, तोंडात टाकला, चावत विचार केला. “यादी नाही बदलत म्हन्ता. मंग मलेच बदलवा ना.”

“म्हणजे?”

“गजिभये तं गजिभये. कार्डावर तसंच लिहा. म्या म्हनतो, माह्यं हेच नाव हाय.”

“आजी, असं कसं? नाव आहे ते तुमचं.”

“माह्या मालकाचं होतं. त्याले आता कोठी राह्यचं हाय? मले राह्यचं हाय, दोन नातींले राह्यचं हाय.” ती अगदी साधेपणी बोलत होती. “नाव घेऊन कोठी झोपू, सांग बरं? पान्यात?”

“बाप्पा, हे झालं ना काम!” मागं उभे असलेले आनंदराव म्हणाले, आणि त्यांचा चेहरा खरोखर उजळला. माणूस वाईट नव्हता. एक्केचाळीस घरांचा भार त्यांच्याही छातीवर होता. प्रतिज्ञापत्र करायचं, की यापुढं माझं नाव यादीत आहे तसंच वाचावं. कार्ड तालुक्यात दोन दिवसांत बदलून मिळतं, त्याला मुंबई लागत नाही. यादीला हात नको, नियमाला हात नको. ते लगबगीनं साहेबांकडं गेले आणि पाच मिनिटांत होकार घेऊन आले. एक्केचाळीस जणांना निरोप द्यायचा, शुक्रवारी या. “आजी, तुमची अक्कल आमच्यापेक्षा भारी आहे,” ते म्हणाले. मनकर्णा लाजून हसली. प्रेमिलाला त्या दोघांनाही ओरडून थांबवावंसं वाटलं. पण ओरडून त्यांना काय द्यायचं, ते तिच्याजवळ नव्हतं. तिच्याजवळ फक्त बरोबर नावं होती.

शुक्रवारी सकाळी सालईची माणसं व्हरांड्यात रांगेनं बसली. पांढरी टोपी घातलेला एक म्हातारा वासनिक, कडेवर लेकरू घेतलेली एक दहिवल्यांची सून, मनकर्णाच्या मागं तिच्या दोन नाती. एकेक जण आत यायचा, टेबलाजवळ उभा राहायचा, नाव सांगायचा. तो बरोबर नाव सांगायचा, आणि प्रेमिलाला चुकीचं टाइप करायचं होतं. सिंधूताईंनी मान फिरवली होती. प्रतिज्ञापत्राचा मजकूर यंत्रात तयार होता, नाव तेवढं भरायचं होतं. पहिल्या प्रतिज्ञापत्राला तिनं यादी समोर ठेवली आणि दोन बोटांनी, डोळे रोखून, ग घेतला, ज घेतला, वेलांटी घेतली, भ घेतला. मी, मनकर्णा सदाशिव गजिभये, सत्यप्रतिज्ञेवर सांगते की. म्हातारीनं अंगठा केला, अंगठ्याकडं पाहिलं, तो लुगड्याला पुसला. दुसरा आला. तिसरा आला. चौथ्या-पाचव्याला प्रेमिलानं यादीकडं बघणं सोडलं. टोपीवाला म्हातारा म्हणाला, “वासनिक. केरबा जानबा वासनिक,” आणि म्हणताना ताठ उभा राहिला, तेव्हा तिला त्याच्याकडं बघवेना म्हणून तिनं डोळे मिटून घेतले. हात चालू राहिले. वा, स, करंगळी, न, क. मग पुढचा माणूस, पुढचं नाव. बोटं मोकळी होत होती. आधी वेलांटी, मग अक्षर, आधी वेलांटी, मग अक्षर. नव्या पाटीनं महिनाभर अडवून धरलेली चाल परत आली होती आणि या नावांना तीच चाल बरोबर होती. टुंग वाजत नव्हतं. विसावा कागद यंत्रातून बाहेर येत होता तेव्हा तिला ते उमगलं, आणि तिनं हात काढून घ्यायचा प्रयत्न केला, पण समोर दहिवल्यांची सून नाव सांगून थांबली होती, तिचं लेकरू रडत होतं, मागं रांग होती. तिनं पुढचा कागद लावला. जेवणाच्या सुट्टीआधी एक्केचाळीसही झाले.

आनंदरावांनी गठ्ठा उचलला, टेबलावर ठोकून सारखा केला आणि मनापासून म्हणाले, “वा बाई. आज आला तुमचा जुना स्पीड.”